सांस रोको

त्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, हाडं राहत. बाजारात कुणी हात जोडून "नमस्कार काका" म्हणालं की ते कोरड्या नजरेनं पाहत उभे राहायचे. त्यानं गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, तरी उजेड पडायचा नाही. मग तो बिचारा शेवटी सांगायचा, बैलगाडीवरून पडलो होतो, तुम्हीच फोटो काढला होता. त्यासरशी काकांचा चेहरा खुलायचा. "अरे, डावी मांडी. वरून खाली चिरलेली. काहून नाही सांगतलं मंघापासून?" आणि माणसाला बाजूला ठेवून त्या मांडीची विचारपूस सुरू व्हायची.

बालाघाटला एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे, अजूनही कमीच म्हणतात. फोटोच. छातीचा फोटो, कमरेचा फोटो. म्हणून ते फोटोवाले काका. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा खासगी दवाखाना होता, खाली तपासणी आणि वर पेशंटचे पलंग. तळमजल्यावर बोळाच्या एका बाजूला माझी रक्त-लघवी तपासायची खोली, समोर त्यांची एक्स-रेची, आणि तिला लागून डार्करूम. नव्वदच्या दशकात मी तिथे कामाला लागले तेव्हा ते आधीपासून होते आणि माझं येणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. बोळात लोक लघवीच्या बाटल्या घेऊन उभे राहतात, वास येतो, असं त्यांचं म्हणणं. हे सांगणाऱ्या माणसाच्या अंगाला सदा हायपोचा वास असायचा, फिल्म धुवायच्या औषधाचा, आंबूस, नाकात ठाण मांडून बसणारा. मी तसं बोलून दाखवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'रक्तवाली'. "ओ रक्तवाली, चाय आली." डॉक्टरसाहेबांना तोंडावर साहेब म्हणत, पाठीमागे 'उजवं कोपर'. साहेब शाळेत असताना सायकलवरून पडले होते आणि तो फोटोही काकांनीच काढला होता, त्यामुळे त्यांच्या लेखी साहेब अजून हाफपँटमध्ये होते. माझ्या कामाबद्दल त्यांना आदर असा नव्हताच. "तुह्यं रक्त सकाळी एक सांगते, संध्याकाळी एक. उपाशी असलं त एक, जेवलं त एक. माह्या फोटूले भूक लागत नाही." मी विचारायची, तुमच्या फोटोत ताप दिसतो का? ते म्हणायचे, "ताप त हात लावूनही समजते. त्याले मशीन कशाले पाह्यजे?" हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

फोटो काढताना मात्र ते वेगळेच होत. शिशाचा जड अ‍ॅप्रन चढवला की चेष्टा बंद. पेशंटला स्टँडला छाती टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि मग पार्टिशनच्या मागे जाऊन बटनावर बोट ठेवून म्हणायचं, "सांस रोको." हे ते हिंदीतच म्हणत. पेशंट मराठी असो, पवारी असो, गोंडी बोलणारा असो, अगदी स्वतःची बायको असो. मशीनला हिंदीच समजते, हे त्यांचं कारण. तो आवाज भारदस्त, हुकमाचा. बोळात रांगेत बसलेले लोकसुद्धा आपसूक श्वास धरत, हे मी रोज पाहत होते. मग बटनाचा खटका आणि पाठोपाठ "छोड़ो". हा दुसरा आवाज निराळा. खालचा, मऊ, घरातल्या माणसाचा. खोकून खोकून आलेली माणसंसुद्धा त्या एका शब्दानं सैल होत. वर्षभर औषध घेऊन जेवढं बरं वाटलं नाही तेवढं तुमच्या 'छोड़ो'नं वाटलं, असं कटंगीची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती. ते त्यांनी दवाखान्यातल्या प्रत्येकाला ऐकवलं, झाडूवालीलासुद्धा.

त्यांचं घर वैनगंगेच्या वाटेवर होतं. घराला पडदे नव्हते. सगळ्या खिडक्यांच्या काचांवर जुन्या फिल्मा चिकटवलेल्या. दिवसा आत शिरलं की निळसर काळोखा उजेड, आणि चहूबाजूंनी लोकांचे गुडघे, कवट्या, फासळ्या. काकू त्याला कधी सरावल्या नाहीत. "माह्या सैपाकघरात परक्याच्या फासळ्या टांगून राह्यल्या," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. काकू भंडाऱ्याकडच्या. लग्न होऊन बालाघाटला येऊन उभी हयात गेली, पण हिंदी त्यांनी तोंडाला लागू दिली नाही. येत नव्हती असं नाही, बोलायची नाही म्हणून नाही. भाजीवाला हिंदीत भाव सांगायचा, त्या मराठीत कमी करायच्या, आणि दोघांचं व्यवस्थित जमायचं. काका घरात चिडले की काकूंवर बोट रोखून "सांस रोको" म्हणत. काकू म्हणत, "आपल्या भाषेत बोला, मंग रोकते."

ग्रहणाच्या दिवशी त्या घराची खरी शान. सगळ्या मोहल्ल्यातली पोरं सकाळपासून अंगणात. काका खिडक्यांवरच्या फिल्मा सोडवत आणि एकेकाच्या हातात देत. "हे घे, तहसीलच्या बड्या बाबूची कंबर. नीट धर, कंबर नाजूक आहे त्याची. तू हे घे, हेडमास्तरची कवटी. हिच्यातून सूर्य चांगला दिसते, आत काही आडवं येत नाही." डॉक्टरसाहेबांनी एकदा सांगून पाहिलं की फिल्ममधून ग्रहण बघू नये, डोळे जातात. काका त्यांच्या कोपराकडे बघत नुसते हसले.

डार्करूममध्ये ते कुणाला येऊ देत नसत. तिची चावी कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची. मला एकदाच आत नेलं, तेही मी म्हणाले की नुसतं पाण्यात फिल्म बुचकळायला एवढा कसला तोरा, म्हणून. आत तीन टाक्या होत्या. पहिल्या टाकीत चित्र उमटतं, दुसरीत साधं पाणी, तिसऱ्या टाकीत ते पक्कं होतं आणि न उमटलेलं सगळं धुवून जातं. त्यांनी दार लावलं, लाल दिवासुद्धा मालवला आणि मला म्हणाले, तू नुसती ऐक. अंधारात त्यांच्या हातांचा आवाज येत होता. क्लिपचा, पाण्याचा, फिल्मच्या कडेवरून निथळणाऱ्या थेंबांचा. एकदाही कुठे हात आपटला नाही. "अंधारात डोक्याले काम नाही," ते म्हणाले, "हाताले सारं याद राह्यते." दिवा लावला तेव्हा कुणाचं तरी मनगट टाकीवर लोंबत होतं, एकेक हाड वेगळं मोजता येईल असं.

पुढे काय होणार याची खूण पहिल्यांदा कधी दिसली ते मला सांगता येत नाही. बाजारात एकाच्या डाव्या मांडीला ते उजवी म्हणाले. तो माणूस हसला. काका हसले नाहीत. चहा घेतल्यावर परत चहा मागायचे. एकच किस्सा सकाळी आणि दुपारी सांगायचे, पण ते तर आमच्या घरी माझे वडीलही करत, आणि त्यांचं डोकं शेवटपर्यंत ठणठणीत होतं. वय झालं की होतं असं, एवढंच मी मनाशी म्हटलं. सगळेच म्हणत होते.

मग वारासिवनीचे एक मास्तर आले. खोकला बऱ्याच दिवसांचा, संध्याकाळी ताप. काका त्यांचा फोटो काढून डार्करूममध्ये गेले आणि ओली फिल्म क्लिपला धरून बाहेर आले. बोळाच्या टोकाला खिडकी होती, तिच्या उजेडात ते फिल्म बघत. त्यांनी ती वर धरली, मान वाकडी करून पाहिली आणि म्हणाले, "साफ आहे. छाती एकदम साफ." मास्तरांनी देवाला हात जोडले आणि सदऱ्याच्या गुंड्या लावायला घेतल्या. मी माझ्या दारात उभी होते. त्या फिल्ममधून मला समोरच्या रस्त्यावरचा समोसेवाला दिसत होता, त्याची गाडी, कढई, हातातला झारा, सगळं निळसर पण स्वच्छ. फिल्मवर काहीच नव्हतं. पहिल्या टाकीच्या आधी ती तिसऱ्या टाकीत गेली होती. चित्र उमटायच्या आधीच पुसलं गेलं होतं.

मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "काका, ही कोरी आहे."

"हौ. साफच आहे, तेच त म्हणून राह्यलो."

"काका, समोसेवाला दिसतो आहे."

त्यांनी फिल्म डोळ्यांपासून थोडी लांब धरली. मग त्यांना समोसेवाला दिसला. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला अजून आठवतं. ते मास्तरांना म्हणाले, "सर, फिल्म जुनी निघाली. आणखी एक काढतो." दुसऱ्या फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला पांढरा डाग होता. पहिल्याच निदानावर मास्तर घरी गेले असते तर काय झालं असतं हे काकांना माझ्याहून जास्त कळत होतं.

हे मी साहेबांना सांगितलं नाही, काकांनी स्वतः जाऊन सांगितलं. साहेब भले माणूस. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं, दार लावून घेतलं आणि मलाही आत बोलावलं. म्हणाले, "काका, नागपूरला जाऊन डोक्याचा एमआरआय काढा. तिथे विस्मरणाचे एक डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी देतो. हा वयाचा विसराळूपणा असेल तर प्रश्न नाही. आजाराची सुरुवात असेल तर मात्र डार्करूमची चावी तुम्ही मला द्यायची."

काका म्हणाले, "फोटू साफ आला त चावी माह्यी?"

साहेब म्हणाले, "फोटो साफ आला तर चावी तुमची."

मला वाटतं तिथेच साहेबांची चूक झाली. पण ते तरी काय करणार? त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय तो नागपूरला गेलाच नसता.

काकूंना गाडी लागते, मुलगी रायपूरला दिलेली, तिचं बाळंतपण तोंडावर. माझी बहीण नागपूरला, म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. एमआरआयच्या खोलीबाहेर एका पोरीनं सांगितलं की अंगावरचं लोखंड सगळं काढून ठेवा. घड्याळ निघालं, चष्मा निघाला, चावी निघेना. करगोटा सोडायला ते तयार नव्हते. शेवटी मी दरडावलं, "काका, ती मशीन चुंबकाची आहे, चावी ओढून घेईल आणि तुम्हालाही." तेव्हा त्यांनी गाठ सोडून चावी माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ स्वतःच्या हातानं बंद केली. "कोणाले देऊ नको."

आत गेल्यावर वेगळाच तमाशा. मशीन धाडधाड वाजायला लागली की ते श्वास धरायचे. काचेपलीकडून मुलगा माईकवर ओरडत होता, "बाबा, श्वास घ्या. श्वास रोखायचा नाही. फक्त डोकं हलवू नका." पण ज्यानं जन्मभर लोकांचे श्वास रोखले त्याला ते पटेना. बाहेर आले ते तणतणत. "एकडावही सांस रोको म्हनलं नाही त्याईनं. हे काय काम झालं? माह्याच मनानं रोकत गेलो म्हणून बरं, नाही त सारा हलला असता फोटू." पण मग फिल्म हातात आली. एका मोठ्या काळ्या फिल्मवर मेंदूचे कितीतरी काप ओळीनं मांडलेले. ते खिडकीशी गेले आणि बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "काय बारीक काम आहे वो, रक्तवाली." आपल्याच डोक्याबद्दल बोलत आहेत हे ते त्या वेळी विसरले असावेत.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी आधी फिल्म बघितलीच नाही. काकांना तीन शब्द दिले, कमळ, खुर्ची, रेल्वे. म्हणाले, थोड्या वेळानं विचारतो. मग इकडचं तिकडचं विचारलं, वार, महिना, घड्याळ काढायला लावलं. काकांनी घड्याळ सुरेख काढलं, काटेसुद्धा बरोबर. मग डॉक्टर म्हणाले, "ते तीन शब्द?"

काका म्हणाले, "कोणते?"

"मी मघाशी सांगितले होते."

"शब्दाचं काय घेऊन बसले साहेब? शब्द त पोपटही सांगते. फोटू पाह्या न."

डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. "वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो. सगळ्यांचाच. तुमचा आकसलाय तो वयाला धरून आहे. इथे दोन्ही बाजूंना हा छोटा भाग दिसतो ना, नवी गोष्ट धरून ठेवायचं काम याचं. तो किंचित बारीक वाटतो. पण तुमच्या वयाच्या धडधाकट माणसाचाही एवढा असू शकतो. म्हणजे एकट्या फोटोवरून मी काही ठरवणार नाही. तुमच्या उत्तरांवरून मला वाटतं, हा विसराळूपणा वयाच्या थोडा पुढे गेला आहे. पण रोजचं सगळं तुम्ही स्वतः करता, म्हणून आजार म्हणणार नाही. ही मधली पायरी आहे. काही लोक वर्षानुवर्षं इथेच थांबतात, काही थोडे सुधारतात, काही पुढे सरकतात. वर्षानं परत फोटो काढू, दोन्ही शेजारी लावून बघू."

"म्हणजे फोटू साफ आहे."

"फोटोत मोठं काही नाही. पण काका, मी काय म्हणालो..."

"फोटू खोटं बोलत नाही, साहेब," काका म्हणाले आणि उठले.

मला त्या डॉक्टरांचा राग आला होता, उगाचच. सरळ हो किंवा नाही सांगायला यांना काय होतं, असं वाटत होतं. आमच्याकडे रक्तातली साखर वाढलेली असते किंवा नसते. इथे एवढी मोठी मशीन, एवढा आवाज, आणि निकाल काय, तर वर्षभर थांबा. काकांनी मात्र त्यातलं त्यांना हवं तेवढं उचललं होतं. गोंदियाहून बालाघाटच्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी फिल्म पाकिटातून काढली. राजेगावच्या नाक्यावर बस उभी राहिली तेव्हा ती खिडकीला लावून त्यांनी कंडक्टरला बोलावलं. "देखो भाई, किसका दिमाग है?" कंडक्टर म्हणाला, "अब हमको क्या मालूम, दादा." "मेरा है. एकदम साफ." कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं फाडायला पुढे गेला.

साहेबांनी नागपूरच्या डॉक्टरांचं सगळं म्हणणं माझ्याकडून ऐकून घेतलं. फिल्म बघितली. दोनदा सुस्कारा सोडला. पण शब्द दिला होता. चावी काकांच्या कमरेला राहिली.

नंतरचे काही महिने खरंच बरे गेले. काकांनी स्वतःच युक्त्या काढल्या. पहिल्या टाकीच्या कडीला काकूंनी दिलेल्या चिंधीची जाड गाठ बांधली, अंधारात हाताला आधी ती लागायला हवी म्हणून. मी अधूनमधून दारावर टकटक करून "पहिली झाली का?" विचारायची, आतून "हौ" यायचं. पुन्हा कोरी फिल्म निघाली नाही. फोटू आणि रक्ताचं आमचं भांडणही पूर्ववत सुरू झालं, फक्त ते भांडता भांडता मधेच थांबायचे आणि मी त्यांचं वाक्य पुरं करून द्यायची. माझ्याविरुद्धचं वाक्य मीच. मला वाटलं, आपण मधल्या पायरीवर थांबणाऱ्यांपैकी आहोत. आपण, असंच वाटलं मला, ते आणि मी वेगळे नाही असं.

थंडीचे दिवस होते. बैहरकडून एक म्हातारी आली होती, मुलगा बरोबर. अंगावर जाडं लुगडं, हातावर गोंदण, श्वास घेताना छातीत घुंगरं वाजल्यासारखं वाजत होतं. मुलगा बोळात बाकावर बसला. आत काकांचा आवाज आला, "सांस रोको." बाकावरच्या सगळ्यांनी सवयीनं श्वास धरला आणि सोडला. मी माझ्या काचपट्ट्यांमध्ये डोकं घातलं होतं. बऱ्याच वेळानं तो मुलगा माझ्या दारात येऊन म्हणाला, "दीदी, अम्मा अभी तक अंदर है." तेव्हा माझ्या लक्षात आलं की खटका ऐकू आला नव्हता. आणि दुसरा शब्दही.

मी दार ढकललं. म्हातारी स्टँडला छाती लावून तशीच उभी होती, हनुवटी वर, खांदे पुढे, जसं उभं केलं होतं अगदी तसं. ती चोरून श्वास घेत होती. ओठ मिटून, नाकानं इवलासा श्वास घ्यायचा आणि पुन्हा धरून ठेवायचा. डोळ्यांतून पाणी येत होतं. पार्टिशनमागे काका बटनावर बोट ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते. ते कशाची वाट बघत होते ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

मला बघून म्हातारी घाबरली. काकांच्या दिशेला मान न वळवता म्हणाली, "बाबू, हमसे सांस नहीं रुकी. छूट गई. माफ करना बाबू, दुबारा ले लो."

ते काकांनी ऐकलं. त्यांचं बोट बटनावरून खाली आलं. मी म्हातारीला धरून स्टुलावर बसवलं, पाठीवर हात फिरवला, म्हटलं, "छोड़ो अम्मा, छोड़ो." ती तरी काकांकडेच बघत होती. परवानगी त्यांची हवी होती तिला.

काकांनी अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला. त्यांनी कमरेची गाठ सोडायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात. "कैची दे." मी दिली. त्यांनी करगोटाच कापला आणि चावी घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. साहेबांनी चावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, फोटो तर साफ होता."

"फोटू साफच आहे, साहेब. फोटूत चूक नाही." त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "ते बाई मलेच माफी मागून राह्यली होती."

एवढं बोलून ते घरी गेले. भर दुपारी, डबा न खाता. तो डबा मी संध्याकाळी काकूंना नेऊन दिला.

वर्ष झाल्यावर मी काकूंना म्हटलं, नागपूरला परत फोटो काढायला सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "कशाले? पयल्या फोटूनं काय सांगतलं होतं?" दवाखान्यात पुढे फिल्म आपोआप धुवून देणारी मशीन आली, डार्करूममध्ये औषधांची खोकी ठेवायला लागले. नवा मुलगा 'सांस रोको' म्हणायचा, पण बोळात कुणी त्याच्याबरोबर श्वास धरत नसे.

मी शेवटची त्यांच्याकडे गेले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. काकू माजघरात सुपात तांदूळ पाखडत होत्या. काका खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेले, अंगावर काकूंची शाल. फार वाळले होते. मी "काका" म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ती जुनी कोरडी नजर लावली. मी म्हटलं, "रक्तवाली." काही उजेड पडला नाही. माझं कधी हाडही मोडलं नव्हतं, की त्या ओळखीनं तरी त्यांना सापडावं. मला त्या क्षणी खरंच वाटलं, एखादं मोडलं असतं तर बरं झालं असतं.

खिडकीवर इतर फिल्मांच्या मध्ये नागपूरची फिल्म लावलेली होती. उन्हात मेंदूचे ते सगळे काप उजळले होते. काका त्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "कोणाचं आहे हे?"

मी म्हटलं, "तुमचंच आहे, काका."

ते मान वाकडी करून बघत राहिले. जुनी पद्धत, तशीच. "माह्यं कसं राहीन? मी त काढतो फोटू." आणि मग समाधानानं म्हणाले, "कोणाचंही असो. साफ आहे."

मग ते उठले. का कोण जाणे, त्यांना वाटलं असावं मी पेशंट आहे. माझे खांदे धरून त्यांनी मला कपाटासमोर उभं केलं, छाती कपाटाला टेकवली, हनुवटी बोटानं वर केली. हात थंड होते, पण चुकत नव्हते. दोन पावलं मागे गेल्याचं मला ऐकू आलं. आणि मग तो आवाज, भारदस्त, हुकमाचा, जसाच्या तसा.

"सांस रोको."

मी श्वास धरला. पाठीमागे काही हालचाल नव्हती. कपाटाच्या पत्र्याचा गारवा हनुवटीला लागत होता. मला ठाऊक होतं की दुसरा शब्द येणार नाही, तरी मी थांबले. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. छाती भरून आली, कान वाजायला लागले, आणि मी त्या बैहरच्या म्हातारीसारखी ओठ मिटून उभी राहिले.

माजघरातला सुपाचा आवाज थांबला.

"छोड़ो," काकू आतून म्हणाल्या. खालच्या आवाजात, मऊ, अगदी काकांसारखं. आणि सूप पुन्हा चालू झालं.